रोह्याचे लोखंडी हात

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना "कुंगफूवाली बाई आणि घाबरते कसली" असं कुणी म्हणायला नको. मी पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला घाबरते. कुंगफूला लागले तीही भीतीपोटीच. मुलीला शाळेच्या मैदानावरच्या क्लासला सोडायचे आणि अंधारात एकटीनं घरी जायला नको म्हणून तिथंच बाकावर बसून राहायचे. एक दिवस सर म्हणाले, "मंगलताई, बसून काय करता? उभ्या राहा की." उभी राहिले ती अजून उभीच आहे. मुलीनं क्लास कधीच सोडला.

मी बार्शीची. तिथं एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. लोकांना वाटतं, शीर डोळ्यांनी दिसते. कधी कधी दिसतेही. पण जाड माणसाची, म्हाताऱ्याची, तापानं सुकलेल्या लेकराची शीर दिसत नाही, ती बोटाला लागते. कोपराच्या खळीत पहिलं बोट ठेवायचं, हलकं दाबायचं आणि वाट बघायची. कातडीखाली काहीतरी मऊसर उसळतं, तिथं सुई घालायची. बोटाला ती उसळी कळली नाही तर मी त्या खुर्चीशेजारी उभी राहून उपयोग काय? माझं सगळं पोट त्या एका बोटाच्या टोकावर आहे.

आणि सर मला म्हणाले, रोह्याला जा, लोखंडी हात शिकून या.

"तुमचा हात दिसतो सुंदर," सर म्हणाले, "पण लागत कुणालाच नाही. क्लासमध्ये एवढ्या पोरी आहेत, त्यांना शिकवायला एक तरी बाई तयार पाहिजे. दादांकडं आठ-दहा दिवस राहा. पुढचं वर्षभर घरी करायचं."

दादा म्हणजे आमच्या सरांचे गुरू. लोखंडी हात म्हणजे काय, तर जाड कापडाची पिशवी धान्यानं भरायची आणि तिच्यावर रोज हात आपटायचा. आधी तळहात, मग मागची बाजू, मग कड आणि शेवटी बोटांची टोकं. मारून झालं की तेल चोळायचं. महिने जातात, वर्षं जातात, धान्याच्या जागी वाळू येते, वाळूच्या जागी लोखंडी छर्रे. हाडं, कातडी सगळं घट्ट होतं, आणि मग तो हात ज्याच्यावर पडेल त्याचं काही खरं नाही. सर हे सांगत होते तेव्हा माझं लक्ष 'बोटांची टोकं' इथंच अडकलं होतं.

नाही म्हणायचीही मला भीतीच वाटते. त्यामुळं हो म्हणून आले.

घरी आमचे हे म्हणाले, "हात मोडून आलीस तर भाकरी मी थापणार नाही हां."

"तुम्हाला येते कुठं?" असं मी म्हणाले खरं, पण रात्री दोन्ही हात उशीखाली घेऊन झोपले.

जोहे

पेणच्या स्टँडवर वैशाली न्यायला आली होती. दादांची जुनी शिष्या, तिशीतली, सडपातळ. रोह्याला जायच्या आधी एक मुक्काम तिच्याकडं करायचा, असं सरांनी ठरवून दिलं होतं. तिचं गाव जोहे. सगळं गाव गणपतीचं. घराघराला लागून कारखाना, आणि कारखान्याच्या मागं लगेच भाताची खाचरं. आमच्याकडं माघात शेतात ज्वारी डोक्याएवढी उभी असते. इथं भात कापून झालेला, नुसते सड उरलेले, आणि बांधाबांधानं वाल.

कारखान्यात पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. आत पांढरे गणपती. फळ्यांवर, जमिनीवर, माळ्यावर, एकाला एक चिकटून. एकालाही डोळे नव्हते.

"काय झालं ताई?"

"अगं, बघवत नाही."

वैशाली हसली. "सगलेच पहिल्यांदा असं बोलतात. डोळे शेवटी येतात. त्याला आखणी बोलतात आमच्यात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर निघतात ना, त्यांची चालू हाय बघा आतल्या खोलीत."

आखणी तीच करत होती. बारीक कुंचला, श्वास रोखून एक रेघ, आणि त्या पांढऱ्या ढेकळाला एकदम नजर आली. माझ्या अंगावर काटा आला. मग ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथं लाकडी ओंडक्यावर वालाची पिशवी होती. वैशालीनं हात खांद्यापर्यंत उचलला आणि सोडला. पिशवी ओंडक्यासकट हादरली. ह्याच हातानं मघाशी तिनं बाप्पाची पापणी काढली होती.

"तुझी बोटं बधिर होत नाहीत?" मी विचारलं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

"नाय हो. झाली असती तर आमच्या आण्णांनी, बापानंच, मला कारखान्यातनंच हाकलली असती." तिनं बोटाचं टोक माझ्या मनगटावर टेकवलं. "तुमची नाडी जोरात पलते हाय. घाबरलाव?"

"घाबरले."

"दादा लय चांगले हायत," ती म्हणाली, पण माझ्याकडं न बघता, पिशवी सारखी करत.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि पेणचे पोह्याचे पापड. आमची भाकरी कोरडी, कडक, दोन दिवस टिकते. ही मऊ लुसलुशीत आणि ताटाबाहेर लोंबते. बिरडं कडवट गोड लागतं, पहिल्या घासाला नको वाटतं आणि तिसऱ्या घासाला वाढून घ्यावंसं वाटतं. आता ह्याच वालावर हात आपटायचा, हे आठवलं आणि चौथा घास ताटातच ठेवला.

रोहा

सकाळी पेणहून गाडी पकडली. कासू स्टेशनला एक आजीबाई शेंगांची पाटी घेऊन चढल्या आणि मला सरकायला लावून शेजारी बसल्या. कुठं जाताय, कशाला जाताय, सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "चांगले हायत की. मोडायला कशाला नेतंस?" रोहा येईपर्यंत मला दुसरा विचार सुचला नाही.

दादांचं घर कुंडलिकेच्या काठाजवळ, पुढं अंगण, मागं आंबा. दादा स्वतः दारात उभे. साठीचे, थोराड, पोट सुटलेले, एका पायाला फडकं बांधलेलं, आवाज एवढा की पलीकडच्या काठावर जावा. मूळचे खाडीकाठच्या मिठागरातल्या घरातले. "लहानपणी मिठाच्या पाट्या वाहिल्या, मग धाटावला कंपनीत शिफ्ट केली, आता पोरास्नी मारायला शिकवतो," असा सगळा जन्म त्यांनी एका दमात सांगितला. हात म्हणजे काय सांगू! तळव्याला जाड, पिवळट, चकाकणारी कातडी, बोटांची टोकं चपटी झालेली. त्यांनी "ये गो बाय" म्हणून माझ्या खांद्यावर नुसतं थोपटलं तर मी अर्धी खाली बसले.

वहिनींनी चहा आणला. स्टीलचा पेला, चुलीवरून तडक. मी पदरात धरला तरी चटका बसत होता. दादांनी पेला पूर्ण मुठीत धरला आणि निवांत गप्पा मारत राहिले.

"दादा, भाजत नाही?"

"लोखंडाला चटका लागतो काय?" ते म्हणाले आणि गडगडाट करून हसले. अंगणातले पाच-सहा शिष्यही हसले. मीही हसले, पण पेला खाली ठेवून दिला. ह्याच वाटेनं मला जायचं होतं.

मग माझ्या स्वागताला त्यांनी नारळ फोडला. सोललेला नारळ दगडावर ठेवला, हात वर नेला आणि खाली आणला. नारळाचे तुकडे झाले. मी किंचाळले, सगळ्यांना मजा वाटली. दादांनी खोबरं वाटायला घेतलं. माझ्या वाट्याला आलेल्या पांढऱ्या तुकड्यावर लाल रेघ होती.

आयुष्य रक्तात गेलंय माझं, मला काय ते कळायला वेळ लागत नाही. "दादा, तुमचा हात कापलाय."

"कुठं?" त्यांनी दुसराच हात बघितला.

करवंटीच्या धारेनं तळव्याला लांब चीर पडली होती. त्यांनी ती पाहिली, लेंग्याला पुसली, आणि उरलेलं खोबरं वाटत राहिले. पोरं माझ्याकडं बघत होती, बघा आमचे दादा, अशा थाटात. मी तो तुकडा हळूच आंब्याच्या बुंध्याशी टाकून दिला.

दुपारी खाडीतल्या बोईटाचं कालवण होतं. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं, आम्हाला मासा म्हणजे काट्यांचं जंगल. दुसऱ्याच घासाला काटा घशात रुतला. डोळ्यांत पाणी, खोकला, सगळा तमाशा झाला. वहिनींनी सुक्या भाताचा गोळा गिळायला लावला तेव्हा जीव भांड्यात पडला. नंतर बघते तर वहिनी दादांच्या ताटातल्या माशाचे काटे एक एक काढून देत होत्या. मला फार गोड वाटलं ते. आमच्याकडं लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली की नवरा पाणी मागायला नुसता पेला वाजवतो.

वालाची पिशवी

दुसऱ्या दिवशी पहाटेच सुरुवात झाली. नदीवरून धुकं येत होतं. ओंडक्यावर माझ्यासाठी नवी पिशवी, त्यात कडवे वाल भरलेले. "तिकडं चीनमधी मूग भरतात," दादा म्हणाले, "आपल्याकडं मुगाची काय ऐपत हाय? वाल टणक. आणि पिशवीतला वाल खायचा नाय, त्याचं पीठ झालं की नदीत."

"ताकद लावायची नाय. हात उचल, श्वास सोड आणि हात पडू दे. फांदीवरनं फळ पडतं तसा."

मी हात उचलला. खाली आणताना तो आपोआप मंद झाला आणि पिशवीवर जाऊन अलगद टेकला.

"पिशवीला झोपवतंस काय गो?"

पोरं खिदळली. पुन्हा उचलला. ह्या वेळी डोळे मिटले आणि सोडला. फाडकन आवाज आला. दुखलं, पण हाताचा धक्का कोपरापर्यंत जाऊन विरला, आणि मी अजून जिवंत होते. खरं सांगते, बरं वाटलं. तळहात, मागची बाजू, कड. भाकरी थापणाऱ्या हाताला तळव्यानं मारायचं वावडं नसतंच. झाल्यावर दादांनी निरगुडी-आंबेहळदीचं गरम तेल दिलं, ते चोळायचं, आणि दोन तास गार पाण्यात हात घालायचा नाही.

पण तिसऱ्या दिवशी घात झाला. मारून झालं, तेल चोळलं, चहाचा पेला उचलला आणि तो गरम आहे की गार, हेच उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कळेना. चिमटा काढून पाहिला. दाब कळला, पण कुठूनतरी लांबून. मग मी माझ्याच डाव्या कोपराच्या खळीत ते बोट ठेवलं. माझी ती शीर मी झोपेतसुद्धा शोधू शकते. दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं. काहीही नाही. उसळी नाही, मऊपणा नाही, नुसती कातडी.

लॅब डोळ्यांपुढं आली. खुर्चीत बसलेलं पेशंट, बाहेर रांग, आणि मी एकाच हातात तीनदा सुई खुपसतेय. दादांकडं पळत गेले. "दादा, माझं बोट मेलं!"

दादा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "आरं, बघा रे! तिसऱ्याच दिवशी! लोखंड उतराय लागलं हिच्यात!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकानं माझा मोबाइल मागून माझा फोटोही काढला. त्या फोटोत मी रडतेय.

"पण मला ते बोट लागतं हो दादा. मी रक्त काढते."

"घाबरू नको. मलाबी आधी असंच वाटायचं. मग सगलं जातं, आणि हात आपला होतो." त्यांनी मूठ वळली. "उद्यापासनं टोकं घेऊ."

टोकं म्हणजे बोटांची टोकं, सरळ खाली, भाला मारावा तशी.

दुपारपर्यंत मी आंब्याखाली बसून ते बोट हलवत होते, फुंकत होते, गालाला लावत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या शेजारीच बसला होता. आमच्या ह्यांना फोन लावला आणि काहीच न सांगता बंद केला. जेवण झाल्यावर मुंग्या आल्या, मग टोचणी, मग एवढं दुखायला लागलं की मी त्या दुखण्याला हात जोडले. कोपरावर ठेवलं. खाली माझी शीर उसळली.

वैशाली काय म्हणाली

त्याच दिवशी संध्याकाळी वैशाली आली. दुसऱ्या दिवशी दादांकडं पोपटीचं जेवण होतं, त्यासाठी. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता गंभीर होत गेली.

"ताई, एक सांगू? कुणाला बोलू नका. मी शिकत व्हते तेव्हा दादांचा नियम उलटा व्हता. बोट बधिर झालं तर ते वराडायचे. 'चुकीचं मारतंस, नस दुखावलीस' बोलून महिनाभर पिशवीला हात लावू द्यायचे नायत. म्हणून तर माझी आखणी वाचली."

"मग आता?"

"दोन-तीन वर्षं झाली. एक दिवस आम्हाला बोलवून बोलले, मला आता कायच लागत नाय, हात पुरा लोखंड झाला. तेव्हापासनं बधिर झालं की शाबासकी. मला नाय पटत. पण दादांना कोण बोलणार?"

मला तेव्हाही काही सुचलं नाही. फक्त भीती वाढली. उद्या टोकं घ्यायला नकार कसा द्यायचा, एवढंच डोक्यात फिरत होतं. सकाळी पोट दुखतंय असं खोटं सांगितलं आणि एक दिवस ढकलला.

पोपटी

पोपटी माहीत नसेल तर सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. वरून पुन्हा पाला दाबायचा. मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-लाकूड रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. आमच्या हुरड्याची ही खाडीकाठची चुलत बहीण म्हणावी, पण हुरड्यात एवढा जाळ नसतो.

दिवस कलायला लागला होता. जाळ खाली बसला, लाल निखारे उरले. आता मडकं काढायचं. पोरं ओली गोणपाटं घेऊन पुढं झाली तर दादांनी त्यांना मागं सारलं. "थांबा. पाहुणी आलीय आपली." त्यांनी अनवाणी पायानं निखारे बाजूला केले, वाकले, आणि ते धगधगतं मडकं दोन्ही हातांनी उचललं.

सगळे ओरडले, शिट्ट्या मारल्या. दादा मडकं घेऊन उभे, हसत, माझ्याकडं बघत. आणि मला वास आला. भांबुर्ड्याचा नाही, कोंबडीचा नाही. कातडी जळल्याचा.

त्यांनी मडकं खाली ठेवलं तेव्हा तळवे पांढरे पडले होते. बघता बघता बोटांवर फोड वर आले. दादा मात्र शेंगा सोलायला बसले होते, आणि फोड आलेल्या बोटांनी सोलता येईनात म्हणून शेंगांवरच चिडत होते. वहिनी ओलं फडकं घेऊन आल्या, त्यांचे हात गुंडाळले आणि सोललेले दाणे त्यांच्या तोंडात घालायला लागल्या. वहिनी बोईटाचे काटे का काढून देत होत्या, ते मला तिथं निखाऱ्यांपुढं बसल्या बसल्या कळलं. बोटांना काटा लागत नव्हता म्हणून.

एकही शेंग मला गोड लागली नाही. ह्या अख्ख्या मुलखानं नावाजलेली पोपटी, आणि मी ती भीत भीत चावली.

भांडी घासताना मी वहिनींच्या शेजारी जाऊन बसले. "वहिनी, दादा पाणी फार पितात का हो?"

त्यांचा हात थांबला. "हंडा पुरत नाय. रातचे सारखे उठतात."

"पायाला ते फडकं कसलं?"

"चप्पल लागली व्हती, गणपतीत. अजून सुकत नाय. त्यांना ठावंच नव्हतं लागलेली. मीच बघितली, चपलेला रगत."

गणपतीतली जखम माघात ओली. मी लॅबमध्ये ही माणसं रोज बघते. त्यांची बोटं, त्यांचे पाय, आणि कधी कधी पाय नसलेलेही बघते. "डॉक्टरला दाखवलं?"

"सुईला भितात गो ते," वहिनी एकदम हसल्या आणि त्याच हसण्यात त्यांचे डोळे भरून आले. "कंपनीत तपासणी असायची, तेव्हा ह्यो मानूस शिफ्ट बदलून घ्यायचा. एवढा दांडगा, पण सुई बघितली का लेकरू. तूच बोल. माझं कोन ऐकतंय?"

मी? सरांच्या गुरूंना? सगळ्या शिष्यांदेखत? ज्या हातांचं नाव पेणपासून रोह्यापर्यंत घेतात, त्या हातांना मी, बार्शीची एक रक्त काढणारी बाई, सांगणार की दादा, हे लोखंड नाही, ही साखर असावी? एवढी भीती मला पिशवीचीही वाटली नव्हती. तिथं फार तर माझं बोट गेलं असतं.

टोकं

सकाळी अंगणात सगळे जमले. वैशालीही थांबली होती. दादांच्या दोन्ही हातांना फडकी, पण उत्साह तोच. "चल मंगल. आज सबब नाय. टोकं."

मी ओंडक्यापुढं उभी राहिले. माझ्या पर्समध्ये साखर बघायचं यंत्र कायम असतं. लग्नात, एसटीत, कुठंही लोक "ताई, माझी बघा ना" म्हणतात, म्हणून. मी ते बाहेर काढलं.

"ह्ये काय?"

यंत्रात पट्टी सरकवली. मग एकदमच बोलून टाकलं. "दादा, आधी तुमचं बोट मला द्या. मग माझी घ्या."

दादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कशाला?"

"साखर बघायची. तुम्हाला भाजलेलं कळत नाही, कापलेलं कळत नाही, पायातली जखम कळत नाही. वैशालीला तुम्हीच सांगितलं होतं ना, बधिर झालं की थांबायचं? तुमचाच नियम आहे." एवढं बोलेपर्यंत मी रडायला लागले होते. "मला फार भीती वाटते हो तुमची. आणि तुमच्यासाठीही वाटते."

ते ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभी होते. पण त्यांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी दारात उभ्या होत्या, मान खाली घालून. मग वैशालीकडं बघितलं. तिनंही मान खाली घातली. दादा मटकन ओंडक्यावरच बसले, माझ्या पिशवीवर.

"सुई हाय ना त्यात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बारीकशी आहे. मुंगी चावल्यासारखं."

"मी... मला नाय बघवत ती." एवढा मोठा माणूस घामानं डबडबला होता. "डोले मिटतो. सांगून टोच हां. एकदम नको."

त्यांनी डोळे गच्च मिटले, मान पलीकडं वळवली, दात आवळले. मी एका हातावरचं फडकं सोडलं. करंगळीशेजारचं बोट भाजलं नव्हतं. ते धरलं. माझ्या बोटांना त्याची जाड, थंडगार कातडी कळत होती, खालचं हाड कळत होतं. "टोचते हां दादा," मी म्हणाले आणि टोकाला सुई टोचली. रक्त आलं नाही, कातडी फार जाड. बाजूला सरकवून खोल टोचली. तरी नाही. मग नखाशेजारी मऊ जागा शोधली आणि तिथं जोर देऊन टोचली. थेंब आला. पट्टीला लावला. आकडा आला. असा आकडा आला की आमच्या लॅबमध्ये आधी डॉक्टरांना फोन करतात, कागद मागून छापतात.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. वैशाली ओठ चावत उभी होती.

दादांचे डोळे अजून गच्च मिटलेलेच होते. हात माझ्या हातात तसाच पुढं केलेला, कपाळावरून घाम ओघळत होता.

"टोच की गो एकदा," ते म्हणाले. "किती येळ भीती घालशील?"